घळीच्या अलीकडे

वाटाड्याच्या हातून बुटाची नाडी तिसऱ्यांदा सुटली, तेव्हा त्याच्या बायकोने चुलीवरचं भांडं खाली उतरवलं आणि ती त्याच्यासमोर उकिडवी बसली. तिने दोन्ही नाड्या आवळल्या, गाठ मारली आणि त्याच्या पोटरीवर थाप देऊन उठली. पोटरी थरथरत होती, हे तिच्या तळव्याला कळलं.

"थंडी पडलीय," तो म्हणाला.

"पडलीच आहे," ती म्हणाली.

कोपऱ्यात भाजी निवडत बसलेली सासू मान वर न करता म्हणाली, "तुझे वडील अंगात ताप घेऊन माणसं वर न्यायचे. आणि तुझं दर वेळी नवीन. कधी गुडघा, कधी खेचराचा खूर. लोक काय म्हणत असतील?"

तो दारात जाऊन उभा राहिला. समोरच्या डोंगराचा खांद्यापर्यंतचा भाग दिसत होता, त्याच्यावर राखाडी ढग बसला होता. ढग हलत नव्हता. चौकीच्या काठीवर पांढरं निशाण होतं, म्हणजे वाट उघडी होती. लाल असतं तर त्याची आजची सुटका झाली असती.

गावात अकरा वाटाडे होते आणि चौकीवर त्यांचे नंबर लावलेले होते. सलग तीन नंबर चुकवले की पितळी बिल्ला काढून घेत आणि खाली वाट बघणाऱ्या दुसऱ्या कुणाला तरी देत. यंदा पाऊस हटायचं नाव घेत नव्हता. हंगामातले अर्धे दिवस लाल निशाणातच गेले, सहली येऊन खालूनच परत गेल्या. त्यातून जे दोन नंबर त्याच्या वाट्याला आले, ते दोन्ही त्याने चुकवले होते. आजचा तिसरा.

गुडघ्याला काही झालेलं नाही, हे बायकोला माहीत होतं. खेचराचा खूरही तिने स्वतः उचलून पाहिला होता. हंगाम सुरू व्हायच्या आधी तो एकटा घळीत दोराच्या कड्या तपासायला गेला होता. घळ म्हणजे डोंगराला वरून खालपर्यंत पडलेली चीर, सुट्या दगडांनी भरलेली. चाळीस पावलांत ओलांडता येते. तो मध्यावर असताना वरून दगड सुटले. एका मोठ्या धोंड्याच्या आडोशाला अंग चोरून तो बसला, आणि दुपारपासून दिवस कलेपर्यंत दगड थांबून थांबून येत राहिले. संध्याकाळी तो चालत घरी आला. अंगावर एक ओरखडाही नव्हता. पारावर लोकांनी चेष्टा केली, "डोंगराने तुझ्यावर फुलं उधळली म्हणायची." तोही हसला. त्यानंतर घरात भांडं पडलं तरी तो दोन्ही हात डोक्यावर घेऊ लागला.

"मी पण येते आज," बायको म्हणाली.

"कशाला?"

"नऊ माणसांचा चहा आणि डबे तुम्ही एकटे नेणार? खेचर तर लंगडतंय ना तुमचं."

त्याने तिच्याकडे पाहिलं. ती डबे भरत होती, चेहऱ्यावर काही नव्हतं. लग्नाआधी ती याच उतारांवर गवताला जायची, डोंगर तिला नवा नव्हता. तो फक्त म्हणाला, "गरम कपडे घे."

चौकीवरच्या कारकुनाने वहीतून मान वर केली. "या, या. आज काय दुखतंय?"

"काही नाही."

"मग निशाणी करा इथे. आणि बरोबर कोण? घरचा बंदोबस्त वाटतं." कारकून हसला. शेगडीपाशी बसलेले दोघं वाटाडेही हसले. बायकोने पदर खोचला आणि ती बाहेर गेली.

सहल शाळेतल्या शिक्षकांची होती. सपाटीवरच्या कुठल्यातरी मोठ्या गावातून पहाटे निघून आलेली. मुख्याध्यापिका बाई उंच, आवाज वर्गात शेवटच्या बाकापर्यंत जाईल असा. खेळाचे मास्तर तरणेताठे, गळ्यात शिट्टी. आणि शिवणाच्या बाई, किडकिडीत, केस पांढरे, पायात कापडी बूट. त्या दोन महिन्यांनी निवृत्त होणार होत्या आणि वरचं तळं बघायचं त्यांच्या मनात वीस वर्षं होतं. बाकीचे सहा जण आपापसात गप्पा मारत मागे चालणारे होते.

"तळ्यापर्यंत दोन वाटा आहेत," वाटाड्या म्हणाला. "आपण रानातल्या वाटेने जाऊ. लांब आहे पण सोपी आहे. परतही त्याच वाटेने."

"कारकून म्हणाले घळीतून अर्ध्या वेळात होतं," खेळाचे मास्तर म्हणाले.

"रानातून जाऊ," वाटाड्या पुन्हा म्हणाला, आणि चालायलाच लागला.

चढताना सगळं बरं चाललं. रानात ओल्या पाल्याचा वास होता, पायाखाली वाट मऊ होती. मध्ये ओढ्यावर लाकडी साकव होता, त्याच्या वीतभर खालून पाणी वाहत होतं. वाटाड्या साकवावर थांबला, पाण्याकडे बघत राहिला, मग सगळ्यांना एकेक करून पार केलं. त्याचा आवाज मोकळा झाला होता. शिवणाच्या बाईंना तो पाऊल कुठे टाकायचं ते दाखवत होता, त्याही शाळेतल्या मुलीसारखं "हो, हो" म्हणत होत्या. बायको सगळ्यांच्या मागून डब्यांची पिशवी पाठीवर घेऊन चालली होती. तिला वाटलं, निभावलं.

तळ्याकाठी त्यांनी डबे उघडले. पाणी काळंभोर होतं, पलीकडच्या सुळक्यांवर नवं बर्फ दिसत होतं. शिवणाच्या बाई काठावर गेल्या आणि जेवायचं सोडून तिथेच उभ्या राहिल्या. मुख्याध्यापिका बाईंनी हाक मारली तर म्हणाल्या, "थांबा हो, मला बघू द्या. परत कोण आणतंय मला?"

मग वारा पडला. इतका की चहाची वाफ सरळ वर जाऊ लागली. वाटाड्याने हातातला पेला खाली ठेवला. "उठा. लगेच."

"अहो, आत्ताच तर बसलो."

"उठा म्हणतो ना."

ते रानाच्या तोंडाशी पोचेपर्यंत गारा सुरू झाल्या. आधी बारीक, मग बोराएवढ्या. त्या थांबल्या तर पाऊस, पावसात अर्धं बर्फ. धुकं इतकं उतरलं की पुढच्या माणसाची पाठ तेवढी दिसे. शिवणाच्या बाईंच्या कापडी बुटांतून प्रत्येक पावलाला पाणी पिळल्यासारखं निघत होतं. ओढ्याचा आवाज त्यांना ओढा दिसण्याच्या कितीतरी आधी ऐकू आला.

साकव नव्हता. म्हणजे होता, पाण्याखाली. लाल गढूळ पाणी त्याच्यावरून चाललं होतं आणि कठड्याची दोन टोकं तेवढी वर होती. ते बघत असतानाच त्यातलं एक टोक वाकलं आणि गेलं.

मुख्याध्यापिका बाईंनी हळूच विचारलं, "मग आता?"

वाटाड्या पाण्याकडे बघत होता. बायको म्हणाली, "आता घळीतून."

घळीच्या अलीकडे कड्याला एक कपार आहे, दहा-बारा माणसं दाटीने बसतील एवढी. वाटाड्याने सगळ्यांना तिच्यात बसवलं. "पाऊस थांबेपर्यंत इथेच. ओल्या घळीत पाय घालायचा नाही. वरून दगड येतात."

"तुम्ही म्हणाल तसं," मुख्याध्यापिका बाई म्हणाल्या.

अर्धा तास गेला. तास गेला. पाऊस थांबला नाही. समोर चाळीस पावलांची घळ, तिच्यातले पहिले दहा-बारा दगड दिसत होते, पुढे पांढरं धुकं. वाटाड्या कपारीच्या तोंडाशी उकिडवा बसला होता, मान तिरकी करून वरचं ऐकत होता. ओठ हलत होते. खेळाचे मास्तर दोनदा उठून बाहेर डोकावून आले.

"एकही दगड पडलेला नाही," ते म्हणाले. "मी केव्हापासून बघतोय."

"पडेल."

"पण पडला तर नाही ना. तुम्ही वाटाडे की ज्योतिषी?"

दोघं-तिघं हसले. हसू लगेच विरलं, दात वाजत होते त्यात. वाटाड्या वळलाही नाही.

बायको शिवणाच्या बाईंना पाठीमागून कवटाळून बसली होती. इतका वेळ बाई कुडकुडत होत्या, ते कुडकुडणं तिच्या छातीला लागत होतं. आता ते थांबलं. तिला आधी बरं वाटलं. मग बाई म्हणाल्या, "ती खिडकी उघडा जरा. उकडतंय." आणि गळ्याभोवतीची शाल सोडायला लागल्या.

गवताला जाणाऱ्या बायकांतली एक जण अशीच पावसात सापडली होती, तिनेही शेवटी अंगावरचं काढून टाकलं होतं. तिने बाईंचे हात शालीखाली दाबून धरले. बोटं लाकडासारखी होती. खेळाच्या मास्तरांना तिने हाक मारली, "इकडे या. यांना दोन्ही बाजूंनी धरून बसा. झोपू देऊ नका," आणि ती नवऱ्यापाशी सरकली.

"अहो. बाई थंड पडत चालल्यात."

"पाऊस थांबू दे."

"तो नाही थांबत आज. दिवस कलायच्या आत यांना खाली न्यायला पाहिजे."

"तुला ऐकू येत नाही? वरून खडखडतंय."

तिने कान दिला. पाणी होतं. वारा होता. स्वतःचा श्वास होता. "मला नाही येत."

त्याने तिच्याकडे पाहिलं. त्या नजरेत राग नव्हता. आपल्याला एकटं टाकून लोक निघून जाताना माणूस बघतो, तशी ती नजर होती. मग तो अगदी साध्या आवाजात म्हणाला, "मी नाही जाऊ शकत. माझे पाय उचलत नाहीत."

कपारीत सगळ्यांना ऐकू गेलं. खेळाच्या मास्तरांनी मान खाली घातली. मुख्याध्यापिका बाई दुसरीकडे बघायला लागल्या. सोळा वर्षं छातीवर बिल्ला लावून हिंडलेला माणूस, आणि नऊ अनोळखी माणसांसमोर हे बोलला.

"बरं," बायको म्हणाली. "मग दोर द्या."

दोर त्याच्या खांद्यावर होता. तिने ओढला तर तो सुटेना. त्याने मुठीत धरला होता आणि आपण धरला आहे हे त्याला कळत नव्हतं. तिने एकेक बोट उघडलं, मुलाने झोपेत धरलेलं खेळणं सोडवतात तसं.

अलीकडच्या लोखंडी कडीत दोराचं एक टोक बांधून, दुसरं कमरेला गुंडाळून ती घळीत उतरली. पहिल्या दहा पावलांत कपार दिसेनाशी झाली. पायाखालचे दगड ओले आणि सुटे होते, एक पाऊल रोवावं तर दुसरं सरके. वर पाहायचं नाही असं तिने ठरवलं होतं, पण मान आपोआप वर वळे. वर काही दिसत नव्हतं, हेच वाईट होतं. येणारा दगड धुक्यातून एकदम बाहेर पडला असता, हाताच्या अंतरावर. विसाव्या पावलाला तिचा पाय अडकला. तो सोडवेपर्यंत तोंडातली थुंकी आटली, जीभ टाळूला चिकटली. तिला घरातली सासू आठवली, न निवडलेली भाजी आठवली, काहीबाही. मग पाय निघाला.

पलीकडच्या कडीत दोर ताणून बांधून ती परत आली. आता बोलण्यात कुणाला रस नव्हता. खेळाच्या मास्तरांनी शिवणाच्या बाईंना पाठुंगळी घेतलं, बायकोने बाईंचे हात एका शिक्षिकेच्या ओढणीने मास्तरांच्या गळ्यात बांधले. ते दोघं गेले. मग एकेक करून बाकीचे. शेवटी मुख्याध्यापिका बाई, एवढ्या उंच बाई, गुडघ्यांवर रांगत.

उरला तो. बाईंना पलीकडे पोचवून ती घळीतून परत आली तेव्हा तो कपारीच्या आतल्या भिंतीला टेकून बसला होता.

"तू जा," तो म्हणाला. "मी येतो मागून."

"तुम्ही येणार नाही."

"येतो म्हणतो ना."

"उठा." ती त्याच्यावर कधी ओरडली नव्हती, आताही ओरडली नाही. तिने त्याच्या सदऱ्याची कॉलर मागून धरली आणि त्याला उठवलं. घळीत तो चार पायांवर गेला. दोर सोडून दगड कवटाळत, डोळे मिटून. ती त्याची कॉलर धरून शेजारून चालली आणि बोलत राहिली, "हा सपाट आहे. आता डावा हात. हां. पुढे मोठा आहे, त्याला वळसा." मध्ये तो थांबला आणि त्याने डोकं दोन हातांत घेतलं. ती त्याच्यावर ओणवी झाली आणि तशीच राहिली. किती वेळ, तिला कळलं नाही. एवढा वेळ तिने फक्त त्याची पाठ पाहिली, वर पाहिलं नाही.

एकही दगड पडला नाही. पलीकडे पोचल्यावर तो ओकला. शिक्षक पाठ करून उभे राहिले. ती चांगली माणसं होती.

चौकीवर लाल निशाण लागलेलं होतं. "मी कधीच लावलं होतं," कारकून पुन्हा पुन्हा सांगत होता, जणू धुक्यातून वर ते कुणाला दिसलं असतं. शेगडीपाशी गरम पाण्याच्या बाटल्या कुशीत घेऊन, तीन घोंगड्यांखाली शिवणाच्या बाई तासाभराने पुन्हा कुडकुडायला लागल्या, तेव्हा बायकोने भिंतीला डोकं टेकलं. बाईंनी डोळे उघडून पहिलं काय विचारलं, तर "माझा डबा वर राहिला का?"

जाण्याआधी मुख्याध्यापिका बाईंनी अभिप्रायाच्या वहीत लिहिलं. सुवाच्य अक्षरात, की वाटाड्याच्या पत्नी नसत्या तर आमच्यापैकी एक बाई आज परत आल्या नसत्या. वाटाड्याबद्दल त्यांनी बरं-वाईट काहीच लिहिलं नाही. कारकुनाने ते मोठ्याने वाचून दाखवलं. वाटाड्या दाराशी उभा राहून ऐकत होता.

गोष्ट त्यांच्या आधीच गावात आणि घरी पोचली होती. सासूने त्याचं ताट नेहमीपेक्षा जास्त वाढलं, आणि तो जेवला नाही तरी एक शब्द बोलली नाही. हे तिच्या स्वभावात नव्हतं, म्हणून त्याला ते जास्त लागलं.

पाच दिवसांनी कारकुनाचा निरोप आला. बिल्ला घरातच राहू द्या, फक्त कुणाच्या छातीवर ते बदला.

"घे," तो म्हणाला. "तुझाच आहे तो." त्याने तो राखेने घासून तिला दिला. चेहऱ्यावरून काही कळेना. मग तो खेचराला पाणी पाजायला गेला आणि बराच वेळ आला नाही.

तिच्या पहिल्या नंबराला आभाळ निळंशार होतं. साकव वाहून गेला होता, नवा व्हायचा होता, म्हणून जाता-येता घळच. एक नवराबायको आणि त्यांच्या दोन बहिणी. तिने त्यांना नीट नेलं, नीट आणलं. दुसऱ्या नंबराला, घळीच्या मध्यावर, वरून एक खडा आला. सुपारीएवढा. टक-टक करत तिच्या बुटाजवळून खाली गेला. मागचे लोक हसतखेळत येत होते, कुणाच्या लक्षातही आलं नाही. तिच्या पाठीतून मात्र गार पाणी गेलं. त्या रात्रीपासून तिला झोप धड लागेना. ती कुणाला बोलली नाही. नवऱ्याला तर नाहीच. त्याला काय म्हणून सांगायचं?

तिसऱ्या नंबराच्या सकाळी तिने चुलीवर दूध ठेवलं आणि ते उतू जाऊन विझलेल्या लाकडांचा धूर घरभर झाला तरी तिला कळलं नाही. ती दारात उभी होती, डोंगराकडे बघत. वाटाड्याने येऊन भांडं उतरवलं. तिच्याकडे पाहिलं. तिरक्या झालेल्या मानेकडे, मग पदराच्या टोकाला पीळ घालणाऱ्या हाताकडे.

"केव्हापासून?" त्याने विचारलं.

तिने पदराचा पीळ सोडला. "घळीत वरून एक खडा आला, त्या दिवसापासून."

"हं."

"किती दिवसांनी जातं हे?"

"माझं गेलं नाही अजून," तो म्हणाला. खोटं बोलायचं त्याच्या मनात आलं असावं, कारण तो मध्ये थांबला होता. मग त्याने खुंटीवरचा जाड कोट काढला. "मागे चालायला कुणीतरी लागतंच."

"तुम्ही याल?"

"घळीपर्यंत येतो. पुढचं तिथे बघू."

सासूने दोघांकडे आळीपाळीने पाहिलं आणि डब्यात एका माणसाचं जास्त भरलं.

त्या दिवशी आठ जण होते, कुठल्याशा कारखान्यातले, सुट्टीवर आलेले. बडबडे आणि मोकळे. आभाळ भुरकट होतं, निशाण पांढरं होतं. घळीच्या अलीकडे सगळे थांबले. त्यांच्यातला एक जण, कोवळ्या मिशांचा, दगडांकडे बघून म्हणाला, "ताई, इथे काही धोका वगैरे नाही ना?"

असं दर वेळी कुणीतरी विचारतंच आणि वाटाड्याने हसून नाही म्हणायचं असतं. तिने तोंड उघडलं.

"आहे," मागून तिचा नवरा म्हणाला.

सगळे वळले.

"वरून दगड येतात. रोज येत नाहीत, पण येतात. त्यामुळे एकेकाने जायचं, बोलायचं नाही, मध्ये थांबायचं नाही. आवाज झाला तर वर बघायचं नाही, जवळच्या मोठ्या धोंड्यामागे बसायचं. ही पुढे जाईल. भीती वाटत असेल त्याने माझ्याजवळ थांबावं, त्याला मी माझ्याबरोबर घेऊन जाईन. मलाही वाटते."

कोवळ्या मिशांचा मुकाट्याने दोन पावलं मागे येऊन वाटाड्याच्या शेजारी उभा राहिला.

ती घळीत उतरली. पाठीमागे कुणाचं हसणं नव्हतं, बोलणं नव्हतं, एकामागून एक पावलं तेवढी. पलीकडे पोचून ती वळून उभी राहिली. सात जण आले. मग कोवळ्या मिशांचा, आणि त्याच्यामागे तिचा नवरा, कमरेत वाकून, एक हात दगडांवर टेकत. मध्यावर तो थांबला. त्याचा हात डोक्याकडे निघाला, कानापर्यंत गेला आणि परत खाली आला. तो पुढे चालू लागला.

वर आल्यावर त्याचा चेहरा पांढराफटक होता. त्याने माणसं मोजली. आठ. मग तिला आणि स्वतःला धरून पुन्हा एकदा मोजली.